फवारणीचा पंप उचलण्याआधी

भाताच्या लावणीची तारीख आधी वहीत शोधून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. पहिले ३० दिवस पानं खाणाऱ्या किडींसाठी सहसा फवारू नये. या वयात भात नवे फुटवे काढून झीज भरून काढतो. फाटकी पानं बघून जीव कासावीस होतो, पण तेवढ्याने दाणा घटतोच असं नाही.

वही, पेन्सिल, भिंग आणि एक पांढरं ताट घेऊन सकाळी निघा. बांधावर उभं राहून अंदाज बांधू नका. खाचरातून तिरपं चालत जा आणि पाय थांबेल तिथे, अशा २० चुडांतले (चूड म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) फुटवे मोजा. समजा ३०० भरले आणि त्यांतल्या १५ फुटव्यांचे पोंगे, म्हणजे मधले कोवळे कोंब, सुकलेले निघाले, तर ते ५ टक्के झाले. खोडकिड्यासाठी बऱ्याच ठिकाणी हीच आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा खर्च परवडू लागतो ती हद्द, धरतात. सुकलेला पोंगा ओढून बघा, खोडकिड्याने कुरतडलेला असेल तर अलगद हातात येतो. कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी दिसली तर ते गादमाशी या किडीचं काम, तिची मोजणी वेगळी लिहा. पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी चुडामागे ताजी खाल्लेली दोन पानं, ही खूण. जुनी, वाळलेली पानं धरू नका. आपल्या भागासाठी शिफारस केलेले आकडे वेगळे असतील तर तेच वापरा.

तपकिरी तुडतुडे, म्हणजे बुंध्यातला रस शोषणारे किडे, पानांवर शोधून सापडायचे नाहीत. बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर ताट धरा आणि चूड थोपटा. चुडामागे साधारण १० पडले तर सावध व्हा. पण त्याच ताटातले कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूणही मोजा. मला ही मोजणी सगळ्यात मोलाची वाटते. कोळी भरपूर असताना औषध मारलं की राखणदार आधी मरतात आणि तुडतुडे पुन्हा उसळतात. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, ती याच अनुभवातून.

लोंब्या पांढऱ्या पडल्यावर मात्र खोडकिड्यासाठी पंप काढू नका. अळीने आतून काम उरकलेलं असतं, तो दाणा परत येत नाही. त्या लोंब्या मोजा, पुढच्या हंगामासाठी लिहून ठेवा.

मग हिशेब मांडा. औषध आणि मजुरी मिळून होणारा खर्च किती किलो भाताच्या किमतीएवढा आहे? फवारणीने त्याहून जास्त भात वाचणार असेल तरच पुढे जा, आणि औषधावर लिहिलेले कापणीपूर्वीचे दिवस शिल्लक आहेत ना, तेही बघा. आकडा पातळीच्या जवळ घुटमळत असेल तर तीन-चार दिवसांनी तेच ताट घेऊन पुन्हा खाचरात उतरा.