उद्योजकता शिकवताना कॉलेजांनी या चुका टाळा

हॅकेथॉनला सभागृह भरतं, बक्षिसं वाटली जातात आणि महिन्याभरात तीच मुलं प्लेसमेंटच्या तयारीला लागतात. ‘मुलांना उद्योजकतेची आवडच नाही,’ असं आपण लगेच म्हणून मोकळे होतो. नाशिकच्या मुलांवर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे पीपीटी झाली की काम झालं असं धरणं. ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः करून पाहिल्यानं येतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्येच मांडलं होतं. कांदा चाळीसाठी सेन्सर बनवायचाय? मग आधी भर पावसाळ्यात निफाड तालुक्यातल्या चाळीत जाऊन उभं राहा. सड लागली की शेतकऱ्याला वासावरून कळतंच. ढिगात नेमकी कुठे लागली आणि तिथवर हात कसा घालायचा, हा खरा प्रश्न. तो सुटला तर किती पैसे द्याल, हेही तिथेच विचारायचं. नकार आला तरी मुलं त्यातून जे शिकतात ते वर्गात मिळत नाही.

दुसरी चूक नुसत्या यशोगाथा ऐकवण्याची. मोहाडीला सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीचं पॅकहाउस जरूर दाखवा, पण 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपनं भारतीय द्राक्षं नाकारली होती, तेही सांगा. माल परत आला की बागायतदाराचं काय होतं, हे मुलांना त्याच्याच तोंडून ऐकू द्या.

कोर्सनंतर आवड कमी झालेली दिसली तर घाबरू नका. नेदरलँड्समधल्या एका कॉलेजच्या अभ्यासात (2010) नेमकं हेच आढळलं: उद्योजकतेच्या कोर्सनंतर व्यवसाय करण्याचा इरादा उलट घटला. अशा मुलाला जवळ बसवून कारण विचारा. ‘जोखीम कळली’ म्हणाला तर शिकवणं पोचलं. ‘माझ्यानं होणार नाही’ म्हणाला तर काम लहान करा: पाचशे रुपये भांडवल, आठ दिवस, खरं गिऱ्हाईक, आणि रोजचा हिशेब वहीत.

आणि घरच्यांना विसरू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पगारावर संसार उभा केलेल्या वडिलांना ‘स्टार्टअप’ शब्दाची धास्ती वाटणारच. त्यांना भाषणाला बोलावू नका, मुलगी स्टॉलवर माल विकत असेल त्या दिवशी बोलवा.