डोलणारा रेसकार ट्रेलर असा ताळ्यावर आणला

इंग्लंडमध्ये साध्या गाडीमागे जोडायच्या ट्रेलरची लांबी ७ मीटर (पुढचा दांडा वगळून) आणि रुंदी २.५५ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. आम्ही सांगाडा बांधला तो या मापातच. तरी सिल्व्हरस्टोनच्या रेस ट्रॅकला निघालो की ताशी ५० मैलांच्या पुढे शेपूट वळवळायला लागायची. बाजूने मोठा ट्रक गेला की पोटात गोळाच.

मित्र म्हणाला, महागडा स्टॅबिलायझर (डोलणं आवरणारं यंत्र) घे. त्याआधी, ट्रेलरचं पुढचं टोक गाडीवर किती भार टाकतं ते बघायला, मी ट्रेलरच्या हुकाखाली लाकडी ठोकळा आणि बाथरूमचा वजनकाटा ठेवला. काटा जेमतेम ३० किलोवर! पुढे भार कमी, म्हणून शेपूट डोलत होती. माझ्या टोबारची (गाडीमागच्या ट्रेलर जोडायच्या दांड्याची) मर्यादा १०० किलोची. रेसकार २० सेंटिमीटर पुढे सरकवली, काटा ८० च्या वर गेला. तिथेच पुढच्या चाकांना अडणी बोल्टने पक्की केली. डोलणं बंद. स्टॅबिलायझरचे पैसे टायरला गेले.

लायसन्सची कटकट आता उरली नाही. डिसेंबर २०२१ पासून वेगळी परीक्षा न देता साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. मात्र ७५० किलोंवरच्या ट्रेलरला ब्रेक हवेतच, मागे गाडीचाच नंबर हवा, आणि मोटरवेवर ६० मैल, तीन लेन असतील तर उजवी लेन विसरायची.