मुलांमधला दमा कसा ओळखावा

दमा असलेलं मूल दवाखान्यात बऱ्याचदा ठणठणीत दिसतं. त्रास होतो तो रात्री, घरी. त्यामुळे ओळखण्याचं निम्मं काम आईवडिलांकडेच येतं.

आधी खोकल्याची वेळ पाहा. सर्दीचा खोकला साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. दम्याचा जातो आणि परत येतो. मध्यरात्रीनंतर, पहाटे, पळून आल्यावर, खदखदून हसल्यावर, धुरात किंवा थंड हवेत तो उसळतो. दर सर्दी छातीत उतरत असेल तर तेही महत्त्वाचं. हे सगळं तारीख-वेळेसह वहीत लिहा. पाच वर्षांखालच्या मुलांना फुंकण्याची चाचणी सहसा नीट जमत नाही, तेव्हा डॉक्टरांना या वहीचाच आधार असतो. घरात कुणाला दमा किंवा मुलाला इसब, ॲलर्जीची सर्दी असेल तर तीही नोंद करा.

मग आवाज ऐका. श्वासनलिका सुजून आकसल्या की श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. नाक चोंदल्याची घरघर वेगळी, नाक साफ केलं की ती बहुधा थांबते. शंका असेल तर उघड्या छातीचा, आवाजासकट व्हिडिओ काढून ठेवा. काही मुलांना शिट्टी वाजतच नाही, नुसता खोकला असतो.

मूल शांत झोपलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 2 ते 12 महिन्यांच्या बाळाला 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाला 40 किंवा जास्त श्वास लागत असतील तर गती वाढलेली आहे. तापात किंवा न्यूमोनियातही असं होतं, म्हणून दमा ठरवत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

मोठी मुलं धाप लागते असं सांगत नाहीत, गुपचूप खेळातून बाहेर बसतात. आळशी म्हणण्याआधी एकदा धावताना बघा.

धडधाकट मुलाला खेळता खेळता ठसका लागून एकाएकी घरघर सुरू झाली, तर मणी किंवा दाणा अडकलेला असू शकतो. लगेच हॉस्पिटल गाठा.

बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, वाक्य पुरं न होणं, ओठ निळसर पडणं ही धोक्याची लक्षणं. थकलेल्या मुलाची शिट्टी अचानक थांबली तर बरं वाटलं असं समजू नका, हवा आत जाणंच कमी झालेलं असू शकतं. त्याला ताठ बसवा, डॉक्टरांनी आधी लिहून दिलेला पंप असेल तर द्या आणि निघा.