इमिग्रेशन काउंटरवर नव्याने रुजू होताना या चुका टाळा

इमिग्रेशन अधिकारी व्हायचे म्हणून बरेच उमेदवार त्याच नावाच्या परीक्षेची जाहिरात शोधत बसतात आणि पहिली चूक तेथेच होते. ब्यूरो ऑफ इमिग्रेशनमधील बरेचसे मनुष्यबळ इंटेलिजन्स ब्यूरो या केंद्रीय गुप्तचर संस्थेतून येते. त्यामुळे तेथील एसीआयओसारख्या (असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर) पदावर निवड झाली, तरी मुंबईचा विमानतळच मिळेल असे धरून चालू नये. नेमणूक देशात कोठेही, अगदी वेगळ्या कामावरही होऊ शकते.

काउंटरवर सर्वाधिक घोळ होतो तो व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मर्यादा यांत. ई-टुरिस्ट व्हिसा वर्षभर वैध असला, तरी सलग किती दिवस राहता येईल हे वेगळ्या अटीने ठरते. ती न वाचता शिक्का मारला, की चूक प्रवासी परत जाताना, बहुधा दुसऱ्याच सहकाऱ्यासमोर उघडी पडते. उलट, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक दिसला म्हणून प्रवाशाला अडवून ठेवणे हा अतिउत्साह झाला, कारण जुना पासपोर्ट सोबत बाळगण्याची सक्ती 2021 मध्येच उठली आहे.

यंत्राने पासपोर्ट वाचला नाही, तर छायाचित्राच्या पानावरील खालच्या दोन ओळी हाताने टंकाव्या लागतात. प्रत्येक ओळीत 44 चिन्हे असतात आणि शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला, की पडताळणी अंक, म्हणजे ओळीतील चिन्हांवरून हिशेबाने काढलेला तपासणीचा अंक, जुळत नाही. अशा वेळी बनावट पासपोर्टचा संशय घेण्याआधी अक्षरे पुन्हा तपासावीत. घाईत ज्येष्ठांना बोलावून मागाहून ओशाळणारे नवखे काही कमी नसतात.

लुकआउट सर्क्युलरशी, म्हणजे एखाद्या व्यक्तीवर सीमेवर नजर ठेवण्यासाठी निघालेल्या सूचनेशी, नाव जुळले, तर मात्र ज्येष्ठांना कळवण्यात संकोच नको. पाटील, शेख, शर्मा ही नावे हजारोंची असतात, म्हणून जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि वडिलांचे नाव पाहावे. शिवाय सर्क्युलरमध्ये नेमकी कोणती कारवाई मागितली आहे हेही वाचावे, कारण काही प्रकरणांत ताब्यात न घेता केवळ कळवायचे असते. रांगेसमोर प्रवाशाशी त्याची वाच्यता करू नये.

अभ्यासातील एक चूक तर थेट अहवालात उतरते. 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक अधिनियम, 2025 लागू झाला आणि 1946 च्या परदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे रद्द झाले. तेव्हा कलमांची टिपणे काढण्यापूर्वी हातातले पुस्तक कोणत्या वर्षीचे आहे, ते आधी पाहावे.