मफिनच्या आदल्या रात्रीची तयारी: बेदाणा, स्ट्रॉबेरी, कोको आणि गूळ

मफिनचं पीठ कुणासाठी थांबत नाही. दह्याला सोडा लागला की बुडबुडे सुटायला लागतात. ट्रे दहा मिनिटांत ओव्हनमध्ये गेला नाही, तर फुगवा भांड्यातच विरतो आणि मफिन बसकी, चिवट होतात. म्हणून ओलं आणि कोरडं एकत्र करण्याआधी बाकीचं एकही काम शिल्लक राहू देऊ नका. खालचं प्रमाण बिनअंड्याच्या बारा मफिनचं आहे.

आदल्या दिवशी आधी विजेचं बघा. तुमच्या भागात देखभालीसाठी कुठल्या वारी वीज जाते ते विचारून घ्या, कारण अर्धवट भाजलेलं मफिन गार झालं की पुन्हा फुगत नाही. मग बेकिंग पावडर तपासा. अर्धी वाटी कढत पाण्यात एक चमचा टाकली की लगेच जोरात फसफसायला हवी. नुसते चार बुडबुडे आले तर तो डबा बाद. सोड्यावर लिंबू पिळून तसंच बघा. सांगलीच्या गणपती पेठेत बाकीचं सामान सुटं घेतलं तरी चालेल, पण बेकिंग पावडर बंद डब्यातलीच घ्या आणि डब्यावरची तारीख वाचा. पावसाळ्यात सुट्या पावडरीला हवेतला ओलावा लागतो आणि तिचा जोर तिथेच निम्मा होतो.

कोरडं सामान असं मोजा: मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन सपाट लहान चमचे, खायचा सोडा आणि मीठ प्रत्येकी अर्धा लहान चमचा. हे दोनदा चाळा. एकदा चाळून सोड्याची बारीक गुठळी राहते आणि नेमकी एखाद्याच्या घासात येते. त्यात १५० ग्रॅम बारीक साखर मिसळा. ओल्यात २५० ग्रॅम दही, १०० मिली बिनवासाचं तेल आणि ७५ मिली दूध. दही सकाळचंच, गोडसर हवं. एप्रिल-मेच्या सांगलीत बाहेर ठेवलेलं दही दुपारपर्यंत आंबून जातं. तसं दही वापरलं तर चव राहत नाही. तेलाऐवजी लोणी घेणार असाल तर दही फ्रिजबाहेर तासभर ठेवा. गार दह्यात पातळ केलेलं लोणी पडलं की त्याच्या कण्या होतात.

आता स्वाद. कोरड्या मिश्रणाचे तीन सारखे वाटे तीन भांड्यांत करा, म्हणजे एकेका वाट्याची चार मफिन होतील. ओलंही तीन वाट्यांत मोजून ठेवा, पण एकत्र करू नका.

बेदाण्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि चांगला माल घरबसल्या मिळतो, तेव्हा इथे काटकसर नको. चार मफिनना ४० ग्रॅम पुरे. द्राक्षं रॅकवर वाळत टाकण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरतात त्या तेलाच्या) पाण्यातून काढलेली असतात, म्हणून बेदाणा आधी दोन पाण्यांनी धुवा. मग कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. कोरडाच टाकला तर तो आजूबाजूच्या पिठातलं पाणी ओढून घेतो, भोवतीचा भाग भुसभुशीत होतो आणि वर राहिलेले दाणे करपून कडू लागतात. भिजल्यावर निथळून सुती कपड्यावर पसरा. मुठीत दाबला तर तळवा ओला होता कामा नये. लांबट दाणे मधून कापा. चमचाभर मैद्यात घोळवतात ते ठीकच, पण दाणे तळाला बसण्याचं खरं कारण पातळ पीठ. चमच्यातून धार लागत असेल तर घोळवून काही उपयोग नाही. पीठ गोळ्यागोळ्याने पडायला हवं.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हंगामात इकडे सहज येते. चार मफिनना ५० ग्रॅम घ्या, जास्त नको, कारण फळात पाणीच फार असतं. देठासकट धुवा, पुसा, मगच देठ काढा, नाहीतर आत पाणी शिरतं. एक सेंटिमीटरचे तुकडे करा. भाजल्यावर तुकड्याभोवती निळसर-करडी कडा दिसली तर घाबरू नका. फळाचा लाल रंग सोड्याजवळ निळा पडतो. ते नको असेल तर या वाट्यात सोडा न घालता बेकिंग पावडर चिमूटभर वाढवा. म्हणजेच हा वाटा आधीपासून वेगळा चाळायला हवा.

कोकोच्या वाट्यातून १२ ग्रॅम मैदा काढून तेवढाच कोको चाळून घाला आणि दूध एक मोठा चमचा वाढवा, कारण कोको पाणी फार पितो.

गुळाची मफिन करायची तर बारा वेगळीच करा. साखरेच्या वाट्यात गूळ मिसळून जमत नाही. साखर वगळा. १५० ग्रॅम किसलेला गूळ ७५ मिली पाण्यात गरम करून विरघळवा, बारीक गाळणीतून गाळा (कचरा आणि वाळू निघतेच) आणि पूर्ण गार करा. कढत गूळ दह्यात पडला की दही फाटतं. ते पाणी दुधाच्या ऐवजी धरा. गूळ लवकर रंगतो, म्हणून आच नेहमीपेक्षा दहा अंश कमी ठेवा.

ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) २०० अंशांवर किमान पंधरा मिनिटं तापवा आणि साच्यांत कागदी वाट्या लावून ठेवा. मगच ओलं कोरड्यात ओता आणि झाऱ्याने दहा-बारा वेळा खालून वर करा. गुठळ्या दिसल्या तरी थांबा. गुळगुळीत होईस्तोवर फेटलं की आत लांब बोगदे पडतात आणि मफिन रबरासारखं ताणतं. साचे पाऊण भरा. पाच मिनिटं २०० वर, त्यानंतर बारा ते चौदा मिनिटं १७५ वर. आधीच्या जोरदार आचेमुळेच वरचा घुमट उठतो. पहिली बारा मिनिटं दार उघडायचं नाही. कोकोचा रंग बघून काही कळत नाही, तिथे टूथपिक कोरडी येते का तेच बघा.

ट्रे सहाचाच असेल तर दुसऱ्या खेपेचं पीठ आधी कालवू नका. पहिला ट्रे बाहेर काढा, ओव्हन पुन्हा २०० वर येऊ द्या आणि मगच ओता.

पाच मिनिटांनी मफिन साच्यातून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर वाफेने बूड ओलं होतं. पूर्ण गार झाल्यावर डब्यात. बेदाण्याची दुसऱ्या दिवशी आणखी मऊ लागतात. स्ट्रॉबेरीची मात्र त्याच संध्याकाळी संपवा.