लिचेसवरचे आपले डाव स्वतःच्या डेटाबेसमध्ये कसे आणावेत

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर आपण खेळलेले डाव एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागायची सोय) मोफत मिळतात, अगदी लॉगिन न करताही. ते हाताशी असले की ‘काळ्या बाजूने सिसिलियन ही सुरुवात (ओपनिंग) खेळलो तेव्हा किती वेळा हरलो’ हे एका क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) कळतं. पायथन आणि एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) यावर काम भागतं. एका खेळाडूच्या डावांसाठी वेगळा सर्व्हर उभा करणं म्हणजे उगाच खटाटोप.

१. टेबल बनवा. डावाचा आयडी, सुरू झाल्याची वेळ, पांढरा, काळा, दोघांचं रेटिंग, विजेता, ओपनिंग असे कॉलम पुरेत. शिवाय एक कॉलम आलेला जेसन (डावाची माहिती ज्यात येते तो मजकूर) जसाच्या तसा ठेवायला. पुढे कधी नवा कॉलम सुचला तर सगळं पुन्हा उतरवावं लागत नाही. आठ अक्षरी आयडीला प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) करा.

२. विनंती पाठवा. नुसतं मागितलं तर डाव पीजीएन या चाली नोंदवायच्या स्वरूपात येतात. विनंतीच्या अॅक्सेप्ट हेडरमध्ये (उत्तर कोणत्या स्वरूपात हवं ते सांगणारी ओळ) एनडीजेसन मागा, म्हणजे एका ओळीत एक डाव येतो आणि तो आला की लगेच लिहिता येतो. ओपनिंग आणि घड्याळाच्या वेळा मागितल्याशिवाय मिळत नाहीत, ते पर्याय चालू करा. एका वेळी एकच विनंती ठेवा. ४२९ हे उत्तर (म्हणजे फार विनंत्या झाल्या) आलं तर पूर्ण मिनिटभर थांबा.

३. क्रम बदला. इथे मी फसलो होतो. मूळ क्रमात नवे डाव आधी येतात. पहिल्याच वेळी अर्ध्यात लॅपटॉप झोपी गेला. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टने टेबलमधली सर्वात अलीकडची वेळ पाहिली आणि तिच्यापुढचेच डाव मागितले. जुने डाव मागे राहिले, तेही एकही एरर न देता. ‘सॉर्ट’मध्ये जुने आधी असा क्रम मागा, मग मध्येच तुटलं तरी पुढून सुरू करता येतं.

४. ओळ फोडताना जपा. वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या मिलिसेकंदांत येते. १७००००००००००० म्हणजे नोव्हेंबर २०२३. हजाराने भागायला विसरलात तर तारीख पन्नास हजार वर्षं पुढे जाते (पायथन तर थेट एररच देतो). बरोबरी झाली तर विजेत्याची नोंदच नसते. संगणकाशी खेळलेल्या डावात समोरच्या बाजूला यूजर नसतो, फक्त पातळी असते. या दोन्ही ठिकाणी कोड आपटतो, म्हणून कॉलम रिकामा राहू द्या.

५. रोजचं वेळापत्रक लावा. क्रॉनने (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) रात्री एकदा चालवलं की झालं. मात्र ‘सिन्स’ला (कोणत्या वेळेपुढचे डाव हवेत ते सांगणारा पर्याय) शेवटची नेमकी वेळ देऊ नका. ती डाव सुरू झाल्याच्या वेळेशी ताडली जाते, आणि चालू डाव एपीआय आपणहून देत नाही. पत्रव्यवहारी डाव (ज्यात एका चालीला दिवस-दिवस मिळतात) सोमवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्यात संपला, तर मधल्या काळात खेळलेले ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) त्याला ओलांडून गेलेले असतात आणि तो सुटून जातो. तुमचे संथ डाव जितके दिवस चालतात तितकं मागे जाऊन मागा, आणि आयडी आधीच असेल तर ओळ अपडेट होऊ द्या.

सगळं जुळलं की स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवा आणि दोन्ही वेळा टेबलमधल्या ओळी मोजा. मधे डाव खेळला नसाल तर आकडा तोच यायला हवा.