हात मोडला आणि कोपरही निखळलं : मॉन्टेजिया दुखापतीत काय करावं

बाइकवरून पडल्यावर हाताचं हाड मोडलं की सगळ्यांचं लक्ष त्या मोडलेल्या हाडाकडे जातं. पण कधीकधी करंगळीच्या बाजूचं हाड (अल्ना) मोडतं आणि त्याच झटक्यात अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं (रेडियस) वरचं टोक कोपरात निखळतं. मिलानचे सर्जन जोव्हानी मॉन्टेजिया यांनी 1814 मध्ये ही जोडदुखापत नोंदवली. ती तशी विरळाच. पण यातलं निखळणं नजरेतून सुटतं, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो.

आधी घटनास्थळी. हात ओढून सरळ करू नका. आहे त्याच स्थितीत लाकडी पट्टीचा किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आधार द्या आणि ओढणीची झोळी करा. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज चढल्यावर ते निघत नाही. ऑपरेशनची शक्यता असते, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत खायला देऊ नका. जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कापड ठेवून तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

हाड बसवणाऱ्याकडे नेऊन घट्ट पट्टी बांधून घेणं इथे सगळ्यात महागात पडतं. रक्तपुरवठा अडला की काही तासांत स्नायू मरू लागतात. बोटं हळूच सरळ केली तरी असह्य कळ येणं, हात दगडासारखा टणक होणं, बधिरपणा ही तातडीची लक्षणं. प्लॅस्टरनंतरही ती दिसली तर सकाळची वाट पाहू नका.

एक्स-रे काढताना कोपर आणि मनगट दोन्ही पूर्ण दिसायला हवेत, नुसता मधला भाग पुरत नाही. रेडियसच्या मधोमध ओढलेली रेषा, फिल्म कुठल्याही बाजूने काढलेली असो, दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकावरच्या गोल उंचवट्यातून गेली पाहिजे. नाही गेली, तर सांधा निखळलाय. हे डॉक्टरांना विचारायला संकोच कसला? अंगठा आणि बोटं वर उचलता येतात का, हेही तपासून घ्या. कोपराजवळची नस (मज्जातंतू) कधीकधी दाबली जाते. ती बहुतेकदा आपोआप सुधारते, पण आधीची नोंद असलेली बरी.

लहान मुलांमध्ये बऱ्याचदा हाड बसवून प्लॅस्टर घातलं की भागतं. मोठ्यांत तो मोह टाळावा. हाड प्लॅस्टरमध्ये सरकतं आणि सांधा पुन्हा निसटतो. म्हणून अल्नावर प्लेट आणि स्क्रू बसवतात. अल्नाची लांबी आणि वळण अचूक जुळलं की रेडियसचं टोक बहुतेक वेळा आपोआप जागेवर येतं. नाही आलं, तर आधी अल्नाच नीट बसलंय का ते सर्जन पुन्हा पाहतात. रेडियसचं टोकच फुटलं असेल तर काम वाढतं.

ऑपरेशननंतर बोटं पहिल्याच दिवसापासून हलवा. कोपर कधी हलवायचं ते सर्जन ठरवतील; जोड पक्का असेल तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सुरुवात होते. तळहात वर-खाली फिरवण्याचा व्यायाम कंटाळवाणा असतो, तरी तोच चुकवू नका. तेल लावून रगडणं किंवा कोणाकडून जोर लावून कोपर वाकवून घेणं पूर्ण बंद, कारण त्याने स्नायूत नको तिथे हाड तयार होऊ शकतं. तंबाखू-सिगारेटने हाड जुळायला उशीर लागतो. हाड जुळायला साधारण तीन-चार महिने लागतात; तोवर भरलेली बादली दुसऱ्या हाताने उचला.

प्लेट त्रास देत नसेल तर काढायची गरज नाही. काढलीच, तर स्क्रूची भोकं भरेपर्यंत तिथे पुन्हा मोडण्याचा धोका असतो.